हजेरीपटातील एक नाव

सन २०२४ च्या जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा आम्ही नववीच्या वर्गात प्रथेप्रमाणे पहिला निबंध घातला. विषय फळ्यावर लिहून त्याखाली "३०० शब्द" असे लिहितो न लिहितो तोच मागील बाकावरून आवाज आला, "सर, हा लिहिला म्हणजे सुटका ना?" सारा वर्ग खो-खो हसला; आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. विनोदाचा रोख सर्वांस ठाऊक होता. त्याच्या महिनाभर आधी, १९ मे रोजी पहाटे, पुण्याच्या कल्याणीनगरात १७ वर्षांचा एक मुलगा चालवीत असलेल्या भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण गेले होते, आणि त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्या मुलास जामिनावर सोडताना अपघातांविषयी ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली होती.

हसण्याचा भर ओसरल्यावर मात्र आमच्या मनास चुटपुट लागून राहिली. निबंध म्हणजे पोरखेळ, असे मराठीच्या शिक्षकानेच मानावयाचे तर त्याने खडू तरी हाती का धरावा? मुलाने लिहिलेला निबंध कोणी मन लावून वाचला, लाल शाईने तपासला, त्यास जवळ बोलावून "येथे तू स्वतःला फसविले आहेस" असे दाखवून दिले, तर ३०० शब्द थोडे नव्हेत. न वाचता कपाटात टाकावयाचा असेल तर ३,००० शब्दही फुकट. त्या आदेशात वाहतूक पोलिसांबरोबर १५ दिवस काम करणे, व्यसन सुटावे म्हणून उपचार घेणे अशा आणखीही अटी होत्या. परंतु लोकांच्या तोंडी राहिला तो निबंधच. लोकक्षोभ एवढा झाला की तीनच दिवसांनी मंडळाने आपला आदेश बदलून मुलास निरीक्षणगृहात धाडले. पुढे २५ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते धाडणे बेकायदेशीर ठरवून त्यास सोडविले, आणि त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवावा ही पोलिसांची मागणी जुलै २०२५ मध्ये मंडळाने फेटाळली. दरम्यान रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून त्याच्या घरची वडीलधारी मंडळी व रुग्णालयातील डॉक्टर ह्यांस अटक झाली होती. मुलाचा अपराध झाकण्यासाठी मोठ्यांनी केलेली धडपड पाहिली म्हणजे त्या सर्व प्रकरणात मूल कोण व प्रौढ कोण, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. ज्या दोन घरांतील कर्ती मुले गेली त्या घरांचे दुःख तर कोणत्याच आदेशाने भरून येणारे नव्हते.

लोकांनी ह्यावरून निष्कर्ष काढला तो असा, की मुलांचा कायदा फार मऊ आहे. पालकसभेत आम्ही तो अनेकदा ऐकिला आहे. परंतु पुण्याच्या त्या मुलावरून कायदा जोखणे म्हणजे हत्तीवरून गावातील गुरांची मोजदाद करण्यासारखे आहे. मंडळापुढे उभा राहणारा मुलगा बहुधा मोटारीतून उतरलेला नसतो. तो पुलाखालून, फलाटावरून, चाळीच्या जिन्याखालून आलेला असतो. त्याची संख्याही आपण समजतो तेवढी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे सन २०२२ मध्ये साऱ्या देशात मुलांच्या हातून घडले म्हणून नोंदले गेलेले गुन्हे ३०,५५५ होते. त्याच वर्षी नोंदल्या गेलेल्या एकंदर गुन्ह्यांचा आकडा ५८ लाखांहून अधिक होता. म्हणजे सुमारे १९० गुन्ह्यांमागे एक.

गिरगावात काय, परळ-लालबागेत काय, हूड मुलास धाक घालावयाचा तर घरातील मोठी माणसे म्हणत, "थांब, तुला डोंगरीलाच धाडतो!" आमच्या लहानपणी ते एक नाव ऐकिले की आम्ही मुकाट्याने पाटी घेऊन बसत असू. डोंगरी म्हणजे उमरखाडी येथील मुलांचे गृह. मुंबई शहराचे बाल न्याय मंडळही तेथेच भरते. ही जागा मूळची डोंगरीचा तुरुंग. ह्याच तुरुंगात सन १८८२ मध्ये लोकमान्य टिळक व गोपाळ गणेश आगरकर ह्यांनी कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या शिक्षेचे १०१ दिवस काढले, आणि त्यांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले, हे आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. त्या दोघांविषयीची एक गोष्ट मात्र आपण विसरतो. त्या वेळी ते दोघेही शाळामास्तर होते. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल निघून दोनच वर्षे झाली होती. मास्तर तुरुंगातून सुटून आले तेव्हा लोक त्यांच्या स्वागतास लोटले, आणि ते पुन्हा आपल्या कामास लागले. तुरुंगात जाऊन आलेल्या मास्तरास शाळेने परत घेतले. त्याच दरवाजातून बाहेर आलेल्या विद्यार्थ्यास शाळा परत घेते की नाही, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

लहान मुलास मोठ्या कैद्यांबरोबर कोंडू नये ही गोष्ट आज आपणांस उघड वाटते. परंतु ती सरकारास उमगावयास पुष्कळ काळ लागला. सन १८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा नव्हे एवढे मान्य केले होते. १८७६ व १८९७ च्या कायद्यांनी सुधारशाळा काढण्याची सोय केली. माहीमची डेव्हिड ससून ह्यांच्या नावाची औद्योगिक शाळा त्याच शतकातील. पण मुलांसाठी न्यायालयच निराळे हवे, ही सूचना सन १९१९-२० च्या तुरुंग समितीने केली तेव्हा कोठे चक्र फिरले. मद्रास इलाख्याने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये व मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये बालकांचा कायदा केला. तो मुंबईत अमलात आणावयाचा तर मुले ठेवावयाची कोठे? त्यासाठी सन १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली व उमरखाडीचे रिमांड होम सुरू झाले. तुरुंगाच्या भिंती तशाच राहिल्या. आतील माणसे व हेतू बदलले. ह्या शहराच्या शहाणपणाचा तो एक चांगला दिवस होता असे आम्ही मानतो.

त्याच सुमारास, डोंगरीहून पायी जाण्याच्या अंतरावर, नागपाड्यास अमेरिकन मराठी मिशनचे एक मिशनरी, क्लिफर्ड मॅन्शार्ट, शेजारधर्माचे केंद्र चालवू लागले होते. मुंबईच्या गल्ल्यांतील माणसास केवळ उपदेश पुरत नाही, त्याच्या शेजारी राहून त्याचे घर, धंदा, कर्ज, व्यसन समजून घेणारी शिकलेली माणसे लागतात, हे त्यांस दिसले. सन १९३६ मध्ये टाटा विश्वस्तांच्या साहाय्याने तेथे समाजसेवेचे पदवीशिक्षण देणारी शाळा निघाली. तीच १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस ह्या नावाने ओळखली जाऊ लागली व १९५४ मध्ये देवनारास गेली. मुलाच्या घरी जाऊन त्याची हकीकत न्यायाधीशापुढे मांडणारे परिविक्षा अधिकारी घडविण्यात तिचा वाटा मोठा आहे. मिशनच्या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या आम्हांस ह्या गोष्टीचा थोडा अभिमान वाटतो. तो वाजवी आहे की नाही हे पुढील हकीकत वाचून वाचकांनीच ठरवावे.

आज लागू असलेला कायदा सन २०१५ चा आहे. सन २००० च्या कायद्याने मुलगा असो वा मुलगी, १८ वर्षांची मर्यादा ठरली. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत व २०१३ च्या ऑगस्टात आपल्याच महालक्ष्मीनजीकच्या शक्ती मिलच्या ओसाड आवारात स्त्रियांवर जे अमानुष अत्याचार झाले, त्यांतील आरोपींत १८ वर्षांखालील मुलेही होती. त्यानंतर झालेल्या ह्या नव्या कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलाने अतिघोर अपराध केला असेल तर त्याच्या समजुतीची पारख करून खटला प्रौढाप्रमाणे चालविण्याची वाट उघडली. ह्या तरतुदीविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. तेवढ्या भयंकर कृत्याचा विचार निराळा व्हावा, ह्यात आम्हांस अन्याय दिसत नाही. पण ती वाट अपवादाची आहे, आणि आपण अपवादाविषयीच रात्रंदिवस बोलतो.

नेहमीची वाट अशी. मुलास पोलिसांच्या कोठडीत ठेवावयाचे नाही, बेड्या घालावयाच्या नाहीत, २४ तासांच्या आत मंडळापुढे आणावयाचे. मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन समाजसेवक बसतात. त्या दोघांपैकी एक स्त्री असलीच पाहिजे. त्यास आरोपी म्हणावयाचे नाही. सरकारी मराठीत त्यास "विधिसंघर्षग्रस्त बालक" म्हणतात, आणि हा शब्द शुद्ध लिहिणारा विद्यार्थी आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. तरीही चोर ह्या दोन अक्षरांपेक्षा ती लांबलचक अक्षरे अधिक दयाळू आहेत. जामीन हा नियम, अडकवून ठेवणे हा अपवाद. परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत मुलाच्या घरादाराचा अहवाल द्यावयाचा, चौकशी चार महिन्यांत संपवावयाची. समज देऊन घरी पाठविण्यापासून, समाजोपयोगी काम करविणे, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवणे, ते विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवण्यापर्यंत अनेक उपाय मंडळापाशी आहेत. शिवाय दोन गोष्टी अशा की ज्यांचा शाळेशी थेट संबंध येतो. मुलाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, काहीही प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. आणि प्रकरण संपल्यावर त्याचा डाग त्याच्या पुढील आयुष्यास लागू द्यावयाचा नाही. योग्य मुदतीनंतर कागदही नष्ट करावयाचे.

कागदावर जे आहे ते सर्व प्रत्यक्षात उतरले आहे असे आम्ही म्हणत नाही. मुंबईच्याच पत्रकार शीला बारसे ह्यांनी ह्या सोसायटीच्या निरीक्षणगृहांतील मुलांच्या स्थितीविषयी दाद मागितली होती आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सन १९८६ च्या अखेरीस न्यायालयाने बजाविले की मुलांस तेथे फार दिवस ठेवू नये, आणि जितके दिवस ठेवाल तितके दिवस त्यांच्या हातास असे काम द्यावे की ज्याने त्यांचा स्वतःवरचा विश्वास वाढेल. एका बाईने चिकाटी धरली म्हणून हे झाले. गृहात गर्दी झाली, अहवाल रेंगाळले, तारखा लांबल्या, ह्या तक्रारी त्यानंतरही उठत राहिल्या. त्यांविषयी वर्तमानपत्रे लिहितात व लिहिलेच पाहिजे. आम्ही शिक्षक आहोत. आम्हांस जे ठाऊक आहे ते शाळेच्या दारातील आहे, आणि तेच आता सांगतो.

आम्ही पूर्वी ज्या एका शाळेत शिकवीत होतो तेथील ही गोष्ट. मुलगा नववीत, वय १५. राहावयास लालबागेकडील एका चाळीत. आजोबा गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत जो संप सुरू झाला, ज्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले व जो रीतसर कधी मिटलाच नाही, त्यात त्यांची नोकरी गेली. त्या संपाने घराघरांत काय केले ते जयंत पवार ह्यांच्या "अधांतर" नाटकात पाहावे. कर्त्या माणसाचे काम गेले म्हणजे घरातील एखादा मुलगा नाक्यावरच्या टोळीत कसा ओढला जातो, हे गिरणगावाने त्या दशकात डोळ्यांनी पाहिले आहे. ह्या मुलाच्या बापास ती टोळी लागली नाही, दारू लागली, व तो लवकर गेला. आई पोळीभाजीचे डबे करी. गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत ते डबे पोहोचविण्याचे काम मुलगा शाळेपूर्वी करीत असे. पहिल्या तासास तो झोपे. आम्ही त्यास पुष्कळदा उभे केले आहे. तो पहाटे चारला उठतो हे आम्हांस नंतर कळले. आम्ही विचारले नव्हते.

त्याच्याहून मोठ्या दोघांबरोबर तो एका संध्याकाळी गेला. रेल्वेच्या पुलावर एका बाईच्या हातातील मोबाइल हिसकावला गेला. हिसकावणारा तो नव्हता; खाली गाडीपाशी उभा होता. मोठे पळाले, हा सापडला. डोंगरीस ११ दिवस राहिला आणि आईच्या हमीवर घरी आला. पुढे मंडळाने त्यास समज देऊन परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेविले. कायद्याने आपले काम, निदान ह्या एका मुलापुरते, नीट केले.

शाळेने काय केले? त्याचे नाव प्रसिद्ध करण्यास मनाई होती. पण तो पकडला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत ते साऱ्या शाळेस ठाऊक झाले, आणि तिसऱ्या दिवशी पालकांच्या मोबाइलवरील गटात पसरले. कोणी पसरविले ह्याचा शोध आम्ही केला नाही. शिक्षकांच्या खोलीत ज्या मोठ्या आवाजात आम्ही बोलत होतो तो आठवता शोधाची गरज नव्हती. आठवड्याने काही पालक आले. सभ्य माणसे होती, कोणी आरडाओरड केली नाही. आमच्या मुलांस अशा मुलाशेजारी बसवावयाचे काय, एवढेच त्यांनी विचारले. मुलगा गैरहजर होताच. हजेरीपटात त्याच्या नावापुढे "गै" ची ओळ लांबत चालली होती. तो सुटून आईबरोबर आला तेव्हा त्या बाईंस कार्यालयात बसवून समजूत घालण्यात आली, की त्याच्याच भल्यासाठी दुसरी शाळा पाहावी. येथे मुले त्यास चिडवतील.

वर्गशिक्षक आम्ही होतो. आम्हांस मत विचारण्यात आले. "मुलगा तसा वाईट नाही," एवढे आम्ही म्हणालो आणि गप्प बसलो. घर होते, हप्ते होते, कायम होण्याचा हुकूम यावयाचा होता. ही सबब म्हणून सांगत नाही, गप्प बसणारी माणसे कशी असतात ते सांगतो. दाखला लिहावयास आमच्याकडे आला. आपणांपैकी प्रत्येकाने तो कागद पाहिला असेल. त्यात "शाळा सोडण्याचे कारण" ह्या रकान्यात आम्ही लिहिले, "पालकांची विनंती". आणि "वर्तणूक" ह्या रकान्यात, जेथे आम्ही प्रत्येक मुलास डोळे मिटून "चांगली" असे लिहितो, तेथे लिहिले, "समाधानकारक". ज्यास हा कागद वाचता येतो त्यास तो शब्द पुरेसा असतो. त्या भागातील दोन शाळांस तो पुरला. पुढे परिविक्षा अधिकाऱ्यांचा दूरध्वनी आला, मुलाची अभ्यासातील प्रगती कशी आहे म्हणून. कार्यालयाने उत्तर दिले की असा विद्यार्थी आमच्या पटावर नाही. उत्तरात खोटे काहीच नव्हते.

सरकारने जो कागद नष्ट करावयास सांगितले आहे त्याची नक्कल शाळेने अशी एका शब्दात जपून ठेविली. मंडळाचा मऊपणा लोकांस खुपतो. मंडळाने त्यास समज दिली. शाळेने त्यास जी शिक्षा दिली तीस मुदत नव्हती, अपील नव्हते, आणि तिचा हुकूमही कोठे लिहिलेला नव्हता.

कोणी म्हणेल, कायदा मध्ये पडत नाही काय? पडतो, परंतु अर्ध्यावर थांबतो. सन २००९ च्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याप्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलास शाळेतून काढता येत नाही. १५ वर्षांचा मुलगा बहुधा नववीत असतो. तेथे त्या कायद्याचा हात पोहोचत नाही. शिवाय सन २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की अल्पसंख्याकांच्या शाळांस तो कायदा लागूच नाही. त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा असे त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठास २०२५ मध्ये वाटले, ते निराळे. म्हणजे मिशनच्या शाळेवर ह्या बाबतीत बाहेरून बंधन असे थोडेच आहे. मुलास परत घ्यावयाचे तर ते आपल्याच मनाने घ्यावे लागेल. प्रार्थनासभेत आम्ही उधळ्या पुत्राची गोष्ट दरवर्षी सांगतो व बापाची क्षमा वाखाणतो. घरी राहिलेला थोरला भाऊ बाहेर अंगणात रागावून उभा होता, आणि गोष्ट संपते तेव्हा तो आत गेला की नाही हे सांगितलेले नाही, इकडे आमचे लक्ष जात नाही. पालकसभेत त्या दिवशी आलेले सर्व थोरले भाऊ होते. आम्हीही त्यांतलेच.

पालकांचे म्हणणे आम्ही हलके लेखीत नाही. आपल्या मुलास वाईट संगत लागू नये ही इच्छा कोणत्या आईबापांची नसेल? पण जरा विचार करावा. तो मुलगा बालवर्गापासून तुमच्या मुलांशेजारी बसत होता, तेव्हा तुमचे मूल चोर झाले नाही. त्यास बिघडविणारी संगत वर्गात नव्हती, नाक्यावर होती. वर्गात तो दिवसाचे सहा तास होता, तेवढे तास ती संगत त्यास मिळत नव्हती. शाळेतून काढून आपण ते सहा तासही नाक्यास देऊन टाकिले. आणि नाक्यावरचे मोठे मुलगे पुढच्या वर्षी तुमच्याच चाळीच्या तोंडाशी उभे राहतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ज्या बाईचा मोबाइल गेला तिचे काय? तीही कामावरून घरी परतत होती. कदाचित त्या वस्तूचे हप्ते अजून फिटावयाचे असतील. तिच्याविषयी कोणीच बोलत नाही, आणि दयेच्या भरात तिला विसरणे हाही अन्यायच होय. मुलास काहीच भरपाई करावी लागू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. उलट त्याने श्रम करून काही फेडावे, तिच्यापुढे उभे राहून चूक कबूल करावी, असे झाले असते तर त्याचेही भले झाले असते. शाळेने त्यास परत घेऊन हे करविले असते. बाहेर काढलेल्या मुलाकडून कोण काय फेडून घेणार?

नव्या करारात फिलेमोनास लिहिलेले एक छोटे पत्र आहे. पळून गेलेल्या अनेसिमास पौल त्याच्या धन्याकडे परत पाठवितो, आणि पत्रात विनविता की त्यास पूर्वीसारखा नव्हे तर भाऊ म्हणून घे. त्याचे काही देणे निघत असेल तर ते माझ्या हिशेबी मांड. प्रेषिताने तत्त्वे सोडून एका माणसाच्या पुनःप्रवेशासाठी आपली शाई खर्च केली. आम्हांस तेवढेच एक पत्र लिहावयाचे होते. आम्ही दाखला लिहिला.

म्हणून आमच्या आजच्या शाळेतील सहकाऱ्यांपुढे व पालकांपुढे काही गोष्टी मांडतो. त्यांपैकी काहींवर ह्या वर्षी शिक्षकसभेत बोलणे झालेही आहे. मंडळापुढे प्रकरण चालू असता मुलाचे नाव पटावरून काढू नये, मग गैरहजेरीची ओळ कितीही लांबो. त्याच्याविषयी बोलावयाचे ते मुख्याध्यापक, वर्गशिक्षक व परिविक्षा अधिकारी ह्यांनीच. शिक्षकांच्या खोलीतही नाव घेऊ नये. त्यास भेटावयास एका शिक्षकाने जावे, परवानगी लागेल ती काढावी, आणि जाताना वह्या न्याव्यात. ११ दिवसांच्या वह्या. दाखल्यावरील वर्तणुकीचा रकाना सर्वांसाठी एकाच शब्दाने भरावा, किंवा मग प्रत्येक मुलाविषयी खरे व पूर्ण लिहावे. एका शब्दाची खूण करून ठेवणे हे शिक्षकाचे काम नव्हे. आणि विद्यार्थिमित्रहो, असा मुलगा तुमच्या बाकावर परत येऊन बसला तर त्यास काय झाले ते विचारू नका. राहिलेला अभ्यास कोणता तेवढे सांगा.

गेल्या पावसाळ्यात परळ स्थानकाबाहेर छत्री उघडीत असता पाठीवर मोठी चौकोनी पिशवी घेतलेला एक तरुण "सर" म्हणून पुढे आला. आम्ही ओळखले नाही. त्याने आपले नाव सांगितले. आता तो घरोघरी सामान पोहोचवितो. आई अजून डबे करते. त्यास दहावीस बाहेरून बसावयाचे आहे, आणि १७ नंबरच्या अर्जास शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. तो त्याने जपून ठेविला होता. मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून आणले होते, ते बोटांनी मोठे करून त्याने आम्हांस दाखविले. अक्षर आमचेच होते.

"सर, हे 'समाधानकारक' म्हणजे कसं? चालेल ना?"

"चालेल," आम्ही म्हणालो. मग त्यास विचारले की अर्ज भरावयास कोणत्या शाळेत जाणार आहेस, आणि कोणत्या वारी. कारण त्या दिवशी आम्ही त्याच्याबरोबर जाणार होतो. त्याने गुरुवार सांगितला.